एईएम एक्स-सीरिज वाइडबँड: गेज चोख, पण अर्थिंग तपासल्याशिवाय लॉगवर विसंबू नका

इंजिनच्या ट्यूनिंगसाठी वाइडबँड (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर आणि त्याचा कंट्रोलर) घ्यायचा म्हटलं की चर्चा सेन्सरच्या अचूकतेवरच रेंगाळते. खरं तर एईएमचा एक्स-सीरिज गेज (३०-०३००) घ्या, इनोव्हेटचा एलसी-२ घ्या किंवा फोर्टीनपॉइंटसेव्हनचा स्पार्टन ३, तिन्हींबरोबर बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर चालतो. फरक पडतो तो कंट्रोलरमध्ये, आणि त्याहून जास्त फिटिंगमध्ये.

आधी सेन्सर. जुना एलएसयू ४.२ अजून विकला जातो, पण नव्या गाडीसाठी तो घेण्यात अर्थ नाही. तो संदर्भासाठी बाहेरच्या हवेवर अवलंबून असतो. ४.९ मध्ये हा संदर्भ सेन्सर स्वतः पंप करून तयार करतो, त्यामुळे कनेक्टरभोवतीच्या धुराचा त्रास त्याला कमी होतो. दोघांचे कनेक्टर वेगळे आहेत आणि हीटर सांभाळण्याची पद्धतही वेगळी: ४.२ चा अंतर्गत रोध ८० ओहमवर धरावा लागतो, ४.९ चा ३०० ओहमवर. म्हणून जुगाड अडॅप्टर लावून अदलाबदल करू नका. सेन्सरची केबल कमी पडली तर एक्स्टेन्शन हार्नेस घ्या, कनेक्टर कापू नका. त्या सेन्सरसाठी जुळवलेला रेझिस्टर कनेक्टरच्या आत असतो. तो गेला की कॅलिब्रेशनही गेलं.

एक्स-सीरिजला मोकळ्या हवेतलं कॅलिब्रेशन लागत नाही. एलसी-२ ला लागतं: सेन्सर काढून एकदा पॉवर द्यायची, मग बंद करून सेन्सर मोकळ्या हवेत धरून जोडायचा आणि पुन्हा पॉवर द्यायची. काम सोपं आहे, पण सेन्सर पाइपमध्येच ठेवून किंवा धुराने भरलेल्या गॅरेजमध्ये केलं तर चूक पुढच्या कॅलिब्रेशनपर्यंत साठून राहते.

आता मुख्य मुद्दा, अर्थिंग, म्हणजे निगेटिव्ह वायर कुठे जोडली आहे. एक्स-सीरिजचं अॅनालॉग आउटपुट ०.५ व्होल्टला ८.५ एएफआर (हवा आणि पेट्रोलचं गुणोत्तर) आणि ४.५ व्होल्टला १८ दाखवतं, म्हणजे दर व्होल्टला २.३७५ एएफआर. गेजची अर्थ वायर डॅशबोर्डखालच्या कुठल्यातरी बोल्टला आणि ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) इंजिनला असेल, तर हीटरच्या करंटमुळे दोन अर्थमध्ये ०.१ व्होल्टचा फरक सहज पडतो. गेजवर १२.५ असेल तर लॉगमध्ये (ईसीयूने नोंदवलेल्या रीडिंगमध्ये) १२.७४, म्हणजे आहे त्यापेक्षा लीन (पेट्रोल कमी) दिसेल आणि ट्यूनर विनाकारण पेट्रोल वाढवेल. एलसी-२ वर हीच चूक आणखी महाग, कारण तिथे ५ व्होल्टमध्ये ७.३५ ते २२.३९ एवढी पट्टी बसवली आहे: ०.१ व्होल्टला ०.३ एएफआर.

एईएमने अॅनालॉगसाठी वेगळी निगेटिव्ह वायर दिली आहे. ती ईसीयूच्या सेन्सर-ग्राउंड पिनला जोडा, बॉडीला नको. पॉवरची काळी वायर मात्र स्वतंत्र, चांगल्या अर्थला. मग गेजवर १४.७ असताना ईसीयूच्या सिग्नल पिनवर सेन्सर-ग्राउंडच्या सापेक्ष ३.११ व्होल्ट येतात का, ते मल्टिमीटरने पाहा. ईसीयू कॅन (गाडीतली डिजिटल डेटा-वायर) घेत असेल तर अॅनालॉगच्या भानगडीत पडूच नका. कॅनवर लॅम्डा (एएफआर भागिले त्या इंधनाचं आदर्श गुणोत्तर) आकड्यातच जातो, अर्थचा फरक त्याला बाधत नाही. या गेजचे पैसे वसूल होतात ते याच सोयीसाठी.

बसवण्याची जागा: सगळ्या सिलिंडरचे पाइप एकत्र आल्यानंतर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी. हेडपासून साधारण ६० ते ९० सेंमी ठीक. टर्बो असेल तर टर्बोनंतरच. आधी लावला तर वाढलेल्या दाबामुळे रिच (पेट्रोल जास्त) आणखी रिच आणि लीन आणखी लीन दिसतं. सायलेन्सरच्या टोकाजवळही नको, आयडलला बाहेरची हवा मागे शिरून रीडिंग लीन दाखवते. बंग (सेन्सर बसवण्यासाठी पाइपला वेल्ड करायचा आट्यांचा तुकडा) एम१८ x १.५ चा, आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर, म्हणजे पाणी सेन्सरमध्ये साचणार नाही. वेल्डिंग करताना सेन्सर बाहेर. घट्ट करताना ४० ते ६० न्यूटन-मीटर, पाना २२ चा. नव्या सेन्सरच्या थ्रेडवर ग्रीस लावूनच येतं. जास्तीचं लावलं तर टोकाला लागता कामा नये.

सेन्सर मरतात ते बहुतेक दोन सवयींनी. एक, गेज बंद ठेवून गाडी चालवणं: न तापलेल्या सिरॅमिकवर काजळी बसते. दोन, इंजिन सुरू न करता किल्ली ऑन ठेवणं. तापलेल्या सिरॅमिकवर पाइपमधला थेंब पडला की तडा. सिलिकॉन गॅस्केट सीलंट, शिसं असलेलं पेट्रोल आणि जळणारा कूलंट हेही विषासारखेच.

एक सापळा अनुभवी लोकांनाही फसवतो. मिसफायर झाला की रीडिंग लीनकडे जातं, कारण सिलिंडरमधला न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. तिथे पेट्रोल वाढवलं तर मिसफायर बळावू शकतो. आधी प्लग, कॉइल आणि एक्झॉस्टचे सांधे तपासा. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधली बारीक गळतीही असाच खोटा लीन दाखवते. इथेनॉल मिसळलेलं इंधन असेल तर गेज लॅम्डावर ठेवा. १४.७ चा आकडा शुद्ध पेट्रोलचा, शुद्ध इथेनॉलचा सुमारे ९, पण लॅम्डा दोन्हीकडे १.

निवड सोपी आहे. डोळ्यांसमोर गेज आणि कॅन हवं असेल तर एक्स-सीरिज. मूळ ईसीयूला जुन्या नॅरोबँडचा (फक्त रिच की लीन एवढंच सांगणाऱ्या सेन्सरचा) सिग्नलही द्यायचा असेल तर एलसी-२ किंवा स्पार्टन ३. स्पार्टनची मूळ सेटिंगमधली पट्टी १० ते २० एएफआर एवढीच, त्यामुळे त्या सेटिंगवर १० पेक्षा रिच मिक्श्चर त्याच्या अॅनालॉगवर दिसणारच नाही. बदली सेन्सर मागवताना बॉशचा ०२५८०१७०२५ हा क्रमांक पाहा. फार स्वस्त मिळाला तर नकली असण्याची शक्यता धरा.