प्रथिनं शोधायला कँटिलिव्हर की क्वार्ट्झ?

रंग किंवा चमकणारा रेणू न जोडता प्रथिन ओळखायचं असेल, तर यांत्रिक सेन्सरमध्ये दोन पर्याय हमखास समोर येतात: सिलिकॉनची सूक्ष्म पट्टी, म्हणजे कँटिलिव्हर, आणि कंप पावणारी क्वार्ट्झची चकती, म्हणजे क्यूसीएम (क्वार्ट्झ क्रिस्टल मायक्रोबॅलन्स). प्रयोगशाळेतलं हे पहिलंच यांत्रिक उपकरण असेल तर माझा कौल क्यूसीएमला.

कँटिलिव्हरचा मोह पडतो, आणि तो रास्त आहे. जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब, मायक्रोमीटरभर जाड पट्टी. एका अंगाला सोन्याचा मुलामा, त्यावर अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच पकडणारे रेणू. प्रथिन येऊन चिकटलं की त्या अंगाच्या पृष्ठभागावरचा ताण बदलतो, पट्टी काही नॅनोमीटर वाकते आणि तिच्यावरून परावर्तित होणारा लेसर किरण सरकतो. २००१ मध्ये या पद्धतीने पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीतलं प्रथिन मिलिलिटरला ०.२ नॅनोग्रॅम इतकं कमी असतानाही टिपलं गेलं, तेही इतर प्रथिनांच्या गर्दीत. प्रोस्टेट कर्करोगाच्या तपासणीत पूर्वापार ४ नॅनोग्रॅमची मर्यादा धरतात, म्हणजे संवेदनशीलता पुरेशी आहे. अडचण वेगळीच: सोनं आणि सिलिकॉन सारखं प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे तापमान किंचित हललं तरी पट्टी वाकते. शेजारी लक्ष्य प्रथिन न पकडणारी संदर्भ पट्टी हवीच. ती नसेल तर पट्टी किती वाकली याच्या आलेखावर मी विसंबणार नाही.

वाकण्याऐवजी कंपनं मोजायची म्हटलं, तर पाण्यात ती फार दबतात. यावर एमआयटीतल्या गटाने सुंदर तोड काढली: द्रव पट्टीच्या आतल्या नळीतून न्यायचा आणि बाहेर निर्वात ठेवायचं. पण हे घडवणं सोपं नाही.

क्यूसीएमचा हिशोब सरळ आहे. ५ मेगाहर्ट्झच्या चकतीची वारंवारता १ हर्ट्झने घटली, की चौरस सेंटिमीटरला सुमारे १७.७ नॅनोग्रॅम भर पडली. मात्र प्रथिनांसोबत अडकलेलं पाणीही त्यात तोललं जातं. म्हणून कंपनं किती लवकर विरतात हेही मोजणारं मॉडेल घ्या.

आणि प्रथिन अँटीबॉडीला किती वेगाने चिकटतं हे नको, शेकडो नमुन्यांतलं प्रमाण तेवढं हवं असेल, तर दोन्ही सोडा. ९६ खळग्यांची एलायझा प्लेट, म्हणजे अँटीबॉडी वापरून रंगावरून प्रथिन मोजणारी नेहमीची चाचणी, अजूनही सरस आहे.

खरेदीआधी विक्रेत्याकडून एक चाचणी करून घ्या: लक्ष्य प्रथिन नसलेलं सीरम सेन्सरवरून सोडायला सांगा. तिथेच सिग्नल हलला, तर संवेदनशीलतेचे आकडे कितीही मोठे असोत, आधी पृष्ठभागाचं रसायन सुधारावं लागेल.