शिकारीच्या पँटी, ग्वाल्हेरचं ऊन आणि चंबळची थंडी

आधीच सांगून टाकते, आमच्याकडे कोणी शिकारबिकार करत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून तो विषय संपलाय, आणि शिवपुरीचं ते जंगल जिथे एकेकाळी शिंदे सरकारांच्या शिकारी व्हायच्या तो आता माधव व्याघ्र प्रकल्प आहे. आम्ही जातो ते दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन. तरीसुद्धा माझं ठाम मत आहे की जंगलात जायचं तर पँट शिकाऱ्यांसाठी बनवलेलीच घ्यावी, ट्रेकिंगची नाही. ट्रेकिंगवाल्या पँटी वजनाला हलक्या असतात मान्य, पण चालताना मांडीला मांडी घासली की जो सर्र सर्र आवाज येतो ना, त्यात समोरची चितळं कान टवकारून पसार. शिकारीच्या पँटीचं सगळं डोकं दोनच गोष्टींवर लावलेलं असतं, आवाज होऊ नये आणि काट्यांतून जाताना फाटू नये. आपल्यालाही तेवढंच हवंय की.

गेली काही वर्षं मी तीन वेगवेगळ्या जाडीच्या पँटी वापरतेय, म्हणून हे लिहितेय, कारण आमच्या ग्वाल्हेरच्या ग्रुपमधे दर दिवाळीनंतर तोच प्रश्न येतो, ताई कुठली घेऊ.

पहिली गोष्ट म्हणजे लेबलवर जाऊ नका. त्यावर 'अर्ली सीझन', 'मिड सीझन', 'लेट सीझन' असं लिहिलेलं असतं आणि माझा भाचा म्हणाला, मावशी, अर्ली सीझन म्हणजे ऑक्टोबर ना, मग ही घेऊ आणि थंडीला दुसरी. अरे बाबा, तो सीझन त्यांचा! युरोप-अमेरिकेत शिकारीचा हंगाम साधारण सप्टेंबरला तोंड फोडतो आणि बर्फ पडेपर्यंत चालतो. त्यांच्या 'अर्ली'ची हवा म्हणजे आपली जानेवारीतली दुपार. आपलं जंगल १ ऑक्टोबरला उघडतं तेव्हा इथे दुपारी पस्तिशीच्या आसपास पारा असतो. म्हणजे त्यांची सगळ्यात पातळ पँट ही आपली जवळजवळ वर्षभराची पँट, त्यांची मधली ही आपली डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेची, आणि त्यांची सगळ्यात जाड ती... तिच्याबद्दल खाली सांगते, राग आहे माझा तिच्यावर.

आणि ग्वाल्हेरची हवा म्हणजे काय ते पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना सांगून पटत नाही. मे-जूनमधे पंचेचाळीसच्या वर, जानेवारीत रात्री तीन-चार डिग्री, आणि धुकं बसलं की दिवसभर सूर्यच दिसत नाही. एका पँटीत हे भागत नाही.

पातळ पँट. नायलॉन, त्यात थोडा ताणणारा धागा, आणि विण रिपस्टॉप म्हणजे कापडात बारीक चौकोनी जाळी दिसते ती, काटा घुसला तरी फाट पुढे पळत नाही. आपल्याकडे चंबळच्या बीहडात, म्हणजे नदीकाठच्या मातीच्या घळींत, सगळीकडे विलायती बाभूळ माजलीय, तिचे काटे जीन्समधून आरपार जातात हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. या पँटीतून काटा जातो, खोटं कशाला बोलू, पण सुटतो पण लगेच, कापड ओढलं जात नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला लांब झिप आहे आणि आत जाळी, ती उघडली की चालताना हवा आतून खेळते. उन्हाळ्यात पँट किती पातळ आहे यापेक्षा ही झिप आहे का ते बघा. झिप नसलेली पातळ पँट मेमधे घामाने पायाला चिकटते आणि मग पातळपणाचा काय उपयोग. मला साधारण तीन हजाराच्या आत पडली, पैसे वसूल.

दुकानात एक करून बघा, कापडावरून नख ओढा. खर्र असा कोरडा आवाज आला तर ठेवून द्या, मऊ फस्स असा आला तर चालेल. मग घालून दोनचार उठाबशा काढा आणि खाली मांडी घालून बसा. सेल्समन बघत राहतो, बघू दे. आणि खिशाला वेल्क्रो असेल तर नकोच, जंगलात शांत बसलेलं असताना कोणीतरी बिस्किटासाठी वेल्क्रो चर्रकन उघडतो तेव्हा त्याला गाडीतून खाली उतरवावंसं वाटतं. बटण बरं.

आता मधली, माझी सगळ्यात लाडकी. सॉफ्टशेल म्हणतात तिला, बाहेरून घट्ट विणलेलं ताणणारं कापड आणि आतून बारीक लव. वारा बराचसा अडतो, दव किंवा भुरभुर पाऊस असेल तर थेंब वरच्या वर मण्यासारखे घरंगळतात. शिवपुरीला पहाटे उघड्या जिप्सीत बसलं की गुडघ्यांवर जो वारा लागतो त्याला हीच पुरते, आतून एक लोकरीची थर्मल घातली की झालं. इथे एक सांगायचंय, थर्मल सुती नको. सुती थर्मल घाम पिऊन ओली राहते, तुम्ही चालून आलात आणि मग तासभर मचाणावर नाहीतर गाडीत बसलात की तीच ओल गार पडून हाडात जाते. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब देत राहते. मेरिनो मेंढीच्या लोकरीची महाग आहे.

म्हणजे खरं तर तापमान बघून पँट घेणं हेच अर्धवट आहे. आठ डिग्रीत चालणाऱ्याला मी पातळ पँटसुद्धा सांगेन, आणि पंधरा डिग्रीत तीन तास न हलता बसणाऱ्याला सॉफ्टशेल सांगेन. बसलेल्या माणसाचं अंग फारशी उष्णता बनवत नाही, सगळी मदार कपड्यावर. सकाळी निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे चालायचं असेल तर, आणि बसायचं असेल तर उलट, निघताना जरा गरमच वाटलं पाहिजे.

सॉफ्टशेलचा एक दोष, कुसळं. बाहेरून जिला लव आहे अशी घेतलीत तर पावसाळ्यानंतरच्या गवतातून आलात की संध्याकाळ गेलीच कुसळं उपटण्यात, ती आत पण घुसतात आणि धुतल्यावर तर आणखी रुततात. बाहेरून गुळगुळीत, आतून मऊ, अशीच बघा. लव बाहेरून असलेली आवाज आणखी कमी करते हे खरंय, बर्फाच्या देशात ती उत्तम, तिथे आपल्या करधईच्या झाडांच्या जंगलातलं गवत नाही.

तिसरी, ती खांद्यावर पट्टे असलेली जाड पॅडिंगवाली, बिब म्हणतात. भाव ऐकून घरी सांगितला नव्हता. घेतली ती चंबळच्या बोटीसाठी, जानेवारीत सकाळी नदीवर जो वारा असतो तो भयंकर, पाणचिरे आणि पट्टकादंब हे पक्षी बघायला जायचं तर उन्हं वर यायच्या आतच निघावं लागतं. ऊब? आहे, पोटरीला आणि गुडघ्याला मस्त. पण बसता तिथे नाही! पॅडिंगची ऊब ही त्यात अडकलेल्या हवेची असते, तुम्ही त्यावर बसलात की हवा चेपून गेली, मग खाली बोटीची गार फळी आणि वर तुम्ही. जुन्या योगा मॅटचा तुकडा बुडाखाली घेतला की जी ऊब मिळते ती त्या हजारो रुपयांच्या पॅडिंगने दिली नाही. शिवाय बायकांनी बिब घ्यायच्या आधी विचार करा की चार तासांच्या बोटफेरीनंतर काठावरच्या झुडपामागे जॅकेट, स्वेटर, पट्टे असं सगळं उतरवायचंय. काही बिबना मागून वेगळी झिप असते, माझीला नाही. वर दुसऱ्याच हिवाळ्यात बाजूच्या झिपेचे दात सुटले आणि ज्या ऑनलाइन दुकानातून घेतली त्यांनी फोटो मागवले, पुन्हा फोटो मागवले, आणि मग उत्तरच नाही. ग्वाल्हेरकरांनो, बिब नको. सॉफ्टशेल, आत लोकर, आणि बोटीत वरून साधी रेनपँट वारा अडवायला, एवढ्यात चंबळ होते, तेही निम्म्या पैशात.

पावसाळ्याबद्दल फार काही नाही. जुलै ते सप्टेंबर जंगलाचा मुख्य भाग बंदच असतो, तिघरा धरणाच्या काठाने वगैरे फिरणं होतं तेवढंच. दुकानात तुम्हाला दहा हजार मिलिमीटरवाली वॉटरप्रूफ पँट दाखवतील, म्हणजे कापडावर दहा मीटर उंच पाण्याचा दाब आला तरी आत झिरपत नाही असा हिशोब. झिरपत नाही हे खरं. पण आतली वाफ बाहेर जायला बाहेरची हवा कोरडी लागते, आणि आपल्या श्रावणात हवाच ओली, त्यामुळे पाऊस बाहेर थांबतो आणि घाम आत साठतो, भिजायचं ते भिजताच. त्यापेक्षा तीच पातळ पँट, भिजली तर भिजली, पाऊस उघडल्यावर अंगावरच वाळते. खाली पोटरीला गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत येणारं कापडी आवरण, बांधा, चिखल आणि गवतातले किडे दोन्ही अडतात.

रंग. इथे लोक फार गोंधळ घालतात. कॅमोफ्लाज म्हणजे पानापानांची लष्करी छपाई घेऊच नका, एक तर आपल्या इथे मुरारला छावणी आहे, आणि लष्करी गणवेशासारखं दिसणारं घालून फिरलं की कोणी ना कोणी हटकतंच, सैनिक असल्याचं भासवण्यासाठी तसा वेश घालणं तर कायद्याने गुन्हाच आहे. दुसरं म्हणजे गरजही नाही. हरणांना लाल-नारिंगी आपल्यासारखं दिसत नाही, म्हणून तर एवढा केशरी वाघ त्यांना गवतात कळत नाही, आणि म्हणूनच अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत शिकाऱ्याने भडक नारिंगी घालणं सक्तीचं आहे, हरणाला कळत नाही पण दुसऱ्या शिकाऱ्याला कळतं. निळा मात्र हरणांना चांगला दिसतो, म्हणजे जीन्स गेली. पक्ष्यांना तर सगळेच रंग दिसतात, आपल्याला न दिसणारे सुद्धा, तेव्हा पक्षी बघणाऱ्यांनी मातकट, खाकी, मळका हिरवा यावरच राहावं. आणि ती पँट 'सफेदी'वाल्या पावडरीत धुवू नका, तिच्यातली चमक आणणारी रसायनं कापडावर राहतात आणि कमी उजेडात प्राण्यांच्या डोळ्याला ते कापड निळसर उजळ दिसतं. फॅब्रिक सॉफ्टनर पण नको, थेंब घरंगळणं बंद होतं.

मापाचं दुखणं मोठं आहे. हे सगळं गोऱ्या उंच पुरुषांच्या मापाने शिवलेलं, कमरेला बसली तर पायात एक वीत जास्त, आणि बायकांच्या मापात दुकानात आलीच तर एखादी. मी पुरुषांचीच घेते, कमरेला मागून इलॅस्टिक असलेली आणि दोन पायांच्या मधे वेगळा तुकडा जोडलेली, तो तुकडा असला की जिप्सीवर चढताना शिवण उसवत नाही. मग महाराज बाडा बाजाराजवळच्या आमच्या टेलरकाकांकडे. ज्या गावाच्या नावाने एके काळी देशभर सूटिंग विकलं गेलं त्या गावात जंगलात घालायची धड पँट मिळू नये याचं त्यांनाही वाईट वाटतं, दर वेळी कापड बोटांत चोळून बघतात आणि म्हणतात, हे आपल्या मिलमधे झालं असतं. त्यांना सांगायचं एवढंच की काका, गुडघ्याची चुणी आहे ती जागेवर राहू द्या, खालून कापा, आणि सॉफ्टशेल असेल तर बारीक सुईने टीप मारा, जाड सुईची भोकं राहतात आणि तिथून पाणी आत येतं. कापलेला तुकडा मागून घ्या, ठिगळाला लागतो.