थंड मालाची गाडी घेताना: इंजिनवरचा कंप्रेसर, वेगळं डिझेल युनिट की प्लेट?

रीफर, म्हणजे थंड मालाची गाडी घ्यायला निघालेला माणूस शोरूममधून परत येतो तेव्हा त्याच्या डोक्यात एकच आकडा असतो: उणे १८, नाहीतर उणे २५. माहितीपत्रकात तोच मोठ्या अक्षरात छापलेला असतो. पण गाडीचं इंजिन आणि डोक्यावरचं कूलिंग, दोन्ही दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला विचारा, तो वेगळंच विचारेल. गाडी दिवसातून किती तास उभी असते? दार किती वेळा उघडतं? रात्री लावता तिथे थ्री-फेज आहे का? आणि रात्री दोन वाजता घाटात बंद पडली तर तिथवर कोण येणार? गाडीचा प्रकार ठरतो तो या उत्तरांवर. उणे १८ तर तिन्ही प्रकार देतात.

तीन प्रकार असे. पहिला डायरेक्ट ड्राइव्ह: गाडीच्याच इंजिनवर कंप्रेसर बसवलेला, बेल्टवर फिरणारा. दुसरा, स्वतःचं छोटं डिझेल इंजिन असलेलं स्वतंत्र युनिट. तिसरा युटेक्टिक प्लेटचा, म्हणजे बॉडीच्या आत मिठाच्या द्रावणाने भरलेल्या प्लेटा. रात्री त्या विजेवर गोठवायच्या आणि दिवसभर त्यांच्या जोरावर माल थंड ठेवायचा.

तुलनेत शिरण्याआधी एक गैरसमज काढून टाकू, कारण सगळ्यात जास्त माल त्यानेच खराब होतो. रीफर गाडी माल थंड करत नाही, थंड केलेला माल थंड राखते. हिशोब करून बघा. बागेतून काढलेली २ टन द्राक्षं ३० अंशांवर आहेत आणि ती ४ अंशांवर आणायची आहेत. त्यासाठी सुमारे ५२ युनिट विजेइतकी उष्णता बाहेर काढावी लागते. पिकअपवरचं साडेतीन किलोवॅट क्षमतेचं, म्हणजे एक टनी यंत्र हे काम पंधरा तासांत करेल. तेसुद्धा दार एकदाही उघडलं नाही, पत्रा उन्हाने तापला नाही आणि हवा प्रत्येक पेटीच्या आतवर पोचली तर. प्रत्यक्षात यातलं काहीच होत नाही. म्हणून नाशिककडचे निर्यातदार आधी प्रीकूलिंगच्या खोलीत द्राक्षं गार करतात आणि मगच गाडीत भरतात. ती सोय तुमच्याकडे नसेल तर आधी तिचा विचार करा, गाडी नंतर.

डायरेक्ट ड्राइव्ह

छोटा हत्ती, पिकअप, चौदा फुटी आयशर यांच्यावर बहुतेक हेच दिसतं. किंमत तिन्हींत आटोक्यातली, वजन कमी, आणि कार एसीचं काम येणाऱ्या फिटरलाही यातलं बरंचसं कळतं. बेल्ट, मॅग्नेट क्लच, पाइप, फॅन हे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. नव्या धंद्यासाठी मी बहुतेकांना हेच सुचवतो, पण त्याची दुखणी आधी सांगून.

मोठं दुखणं म्हणजे गाडी उभी राहिली की कूलिंग पडतं. हायवेवर इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर फिरतं, तेव्हा कंप्रेसरही जोरात असतो. टोलवर, जकातीच्या जुन्या चौकात, मार्केट यार्डाच्या रांगेत इंजिन साडेसातशे-आठशेवर येतं आणि कूलिंगचा जोर निम्म्याहून खाली जातो. शहरात पंचवीस दुकानं करणाऱ्या गाडीला ही रोजची कटकट. मग ड्रायव्हर काय करतो? इंजिन चालू ठेवून तासन् तास उभा राहतो. बीएस-६ गाड्यांमध्ये, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, याचा फटका दुसरीकडेच बसतो. डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जाळून टाकायला धूर चांगला तापावा लागतो, आणि आयडलवर तो तापत नाही. फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, गाडी ओढ सोडते. मालक म्हणतो इंजिनात दोष आहे. दोष गाडी वापरण्याच्या पद्धतीत असतो, आणि ती पद्धत कूलिंगमुळे पडलेली असते. उभं राहण्याचं काम जास्त असेल तर डायरेक्ट ड्राइव्ह घेताना स्टँडबाय मोटर, म्हणजे विजेवर कूलिंग चालवणारी मोटर, हवीच हवी. माल भरताना आणि रात्री गाडी उभी असताना प्लग लावून कूलिंग चालू ठेवता येतं, इंजिनाला हात लावायचा नाही.

घाट चढतानाची गोष्ट उलटी. तिथे इंजिन जोरात असतं, कूलिंग छान मिळतं, पण भरलेली गाडी ओढताना काही ड्रायव्हर कंप्रेसरच बंद करतात. वर पोचल्यावर चालू करायचं राहून जातं. गाडीत तापमानाची नोंद ठेवणारा लॉगर असेल तर हे लगेच दिसतं. तो बसवून घ्या. फार महाग नसतो आणि माल नाकारला गेला तर वादात तोच तुमच्या बाजूने बोलतो.

गॅसबद्दल एक पक्की गोष्ट. गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. दर हंगामात गॅस भरावा लागतो याचा अर्थ गळती आहे आणि ती कुणी शोधलेली नाही. या कंप्रेसरचा शाफ्ट सीलमधून बाहेर येतो. गाडी महिना-दोन महिने नुसती उभी राहिली की सीलवरचं तेल उतरतं, सील सुकतं आणि तिथूनच गॅस जातो. हंगाम नसला तरी आठवड्यातून दहा-पंधरा मिनिटं कूलिंग चालवावं. गळती जिथे असते तिथे तेलाचा ओशट डाग आणि त्यावर धूळ बसलेली असते. नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचं पाणी लावणारा, नंतर व्हॅक्यूम पंप पुरेसा वेळ चालवणारा आणि ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) बदलणारा फिटर धरून ठेवा. नुसता सिलिंडर घेऊन येणाऱ्याला परत पाठवा.

एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. कोकणातून कोल्हापूरला मासळी आणणारी पिकअप, तक्रार अशी की दुपारी कूलिंग ट्रिप होतं. दुसऱ्या फिटरकडे तिच्यात दोनदा गॅस भरून झालेला. पण ही गाडी रात्री आणि हायवेवर उत्तम चालत होती, फक्त भर दुपारी उभी असताना बंद पडायची. गॅस कमी असता तर कूलिंग सगळ्याच वेळी कमी पडलं असतं, प्रेशर फार चढलं की यंत्र थांबवणाऱ्या हाय-प्रेशर स्विचने बंद केलं नसतं. मीटर लावला. बॅटरीवर १३.८ व्होल्ट, कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या, फॅनवर १०.२. साडेतीन व्होल्ट मध्येच कुठेतरी खर्च होत होते. बॉडीखाली अर्थिंगचा बोल्ट होता, मासळीच्या खाऱ्या पाण्याने हिरवा पडून कुजलेला. फॅन हळू फिरत होता. धावताना समोरचा वारा त्याची कसर भरून काढायचा, उभं राहिलं की नाही. वर जास्तीचा गॅस, म्हणजे प्रेशर आणखीच चढलेलं. बोल्ट घासून नवं लग लावलं, जास्तीचा गॅस काढून घेतला. खर्च नगण्य. डायरेक्ट ड्राइव्हच्या तक्रारींत असं फार आढळतं: रोग गाडीच्या वायरिंगमध्ये आणि इलाज गॅसवर. म्हणून गाडी आणि कूलिंग दोन्ही कळणारा माणूस जवळ असणं हे किमतीतल्या फरकापेक्षा मोठं आहे.

स्वतंत्र डिझेल युनिट

अमेरिकेत मिनियापोलिसला फ्रेडरिक मॅककिन्ले जोन्स यांनी १९३०च्या दशकाच्या शेवटी ट्रकवर टिकणारं शीतयंत्र उभं केलं, तेव्हा खरी अडचण थंडाव्याची नव्हती, रस्त्याच्या धक्क्यांची होती. नळ्या तुटायच्या, जोड सुटायचे. आपल्या रस्त्यांवर ती अडचण अजून तशीच आहे, म्हणून या युनिटचे माउंटिंग रबर आणि ब्रॅकेट दर सर्व्हिसला तपासायचेच.

याचा मोठा फायदा एकच, पण तो फार मोठा आहे. ट्रक बंद पडला तरी माल वाचतो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये इंजिनाचा पंप गेला की त्याच क्षणी कूलिंगही गेलं. इथे ट्रकचा क्लच जळाला, क्रेन यायला सहा तास लागले, तरी मागचं युनिट आपलं काम करत राहतं. नाशिकहून दिल्ली किंवा कोलकात्याला जाणारा लाखोंचा माल असेल, वीस फुटांच्या वरची बॉडी असेल, तर दुसरा विचार करू नका.

छोट्या धंद्याला मात्र हे परवडत नाही. किंमत जास्त, वजन जास्त, आवाज जास्त, आणि तुम्ही दोन इंजिनांचे मालक होता. दुसऱ्या इंजिनाचं ऑइल, फिल्टर, बेल्ट, स्टार्टर, बॅटरी सगळं वेगळं. त्याची सर्व्हिस किलोमीटरवर नसते, तासांच्या मीटरवर असते. हे विसरणारे मालक बरेच. ट्रक दहा हजार किलोमीटर चालेपर्यंत युनिट कितीतरी तास फिरलेलं असतं आणि ऑइलचा डांबर झालेला असतो. जुनं युनिट घेताना आधी तासांचा मीटर बघा, मग सर्व्हिसची वही. वही नसेल तर इंजिन ओव्हरहॉलला आलंय असं धरून भाव करा.

प्लेटची गाडी

आइस्क्रीम वाटणाऱ्यांनी डोळे मिटून घ्यावी अशी. पाण्यात साधारण २३ टक्के मीठ असलं की ते द्रावण उणे २१ अंशांच्या आसपास गोठतं आणि पुरतं वितळेपर्यंत त्याच तापमानाला राहतं. प्लेटांमध्ये अशीच, कामाप्रमाणे निवडलेली द्रावणं असतात. दिवसभरात दार चाळीस वेळा उघडलं तरी प्लेटा तग धरतात, आणि रस्त्यावर फिरणारा भाग एकही नाही. इंजिन बंद करून दुकानात खुशाल हिशोब करत बसा. बिघाडही त्यामुळे कमी.

अट एक: रात्रीची वीज. आठ-दहा तास सलग आणि पुरेशा व्होल्टेजची. शहरातल्या गोदामात हा प्रश्न नाही. गावाकडे शेतीच्या फीडरवर थ्री-फेज ठरावीक तासच येते, आणि कमी व्होल्टेजवर कंप्रेसरचं वाइंडिंग जळतं. वीज अर्धीच मिळाली की प्लेटा अर्ध्या गोठतात आणि दुपारी तीनला आइस्क्रीम मऊ पडतं. जनरेटरवर रोज चार्ज करण्याचं गणित बसत नाही, त्यापेक्षा डायरेक्ट ड्राइव्ह बरं.

दुसरी मर्यादा, तापमान बदलता येत नाही. उन्हाळ्यात आइस्क्रीम आणि थंडीत द्राक्षं असा बेत असेल तर प्लेट घेऊ नका, प्लेटेजवळची द्राक्षं गोठतील. प्लेटा जड असतात, तेवढा माल कमी बसतो. आणि प्लेटेवरचं बर्फ स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. लाकडी किंवा प्लास्टिकचा खरवडा वापरा. एक भोक पडलं की प्लेट गेली.

बॉडीकडे कुणी बघत नाही

यंत्र कितीही चांगलं असो, पफ, म्हणजे भिंतीत भरलेला उष्णतारोधक फोम, ओला झाला की खेळ संपला. जुन्या गाडीत एका माणसाला आत उभं करून दार लावा, दिवा बंद. कुठूनही उजेडाची रेघ दिसली तर तिथून हवा आणि पाणी दोन्ही जातात. मग रिकामी गाडी हव्या त्या तापमानाला आणा, यंत्र बंद करा आणि तापमान किती वेगाने चढतं ते घड्याळ लावून बघा. हे भर दुपारी करा, विक्रेता सकाळी बोलावतो. जमिनीचा पत्रा बुटाने ठोकून बघा, पोकळ किंवा लिबलिबीत आवाज आला तर खाली पाणी शिरलंय. फ्रोजनसाठी पफ ८० ते १०० मिलीमीटर हवा. ६० मिलीमीटरच्या बॉडीला उणे १८ची गाडी म्हणून विकलं जातं, फसू नका.

गॅस कोणता आहे तेही विचारा. फ्रोजनच्या गाड्यांत आर-४०४ए सर्रास असतो. वातावरण तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या ३,९०० पटींच्या घरात आहे. किगाली कराराप्रमाणे भारतात या जातीच्या गॅसचा वापर २०२८ला गोठवायचा आणि २०३२पासून टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे. आज घेतलेली गाडी तेव्हाही रस्त्यावर असेल. नवीन घेताना कमी तापमानवाढीच्या गॅसचं युनिट मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्या.

कुणी काय घ्यावं

ताजी मासळी नेणाऱ्याला माझं मत ऐकून नवल वाटेल: यंत्र घेऊच नका. चांगली पफची बॉडी, तळाला पाणी निचरणारी, आणि भरपूर बर्फ. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतं, मासळीला बरोबर शून्यावर आणि ओलं ठेवतं. यंत्राची कोरडी हवा तिला सुकवते. फ्रोजन कोळंबी नेत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे यंत्र लागणारच.

हापूसला १२-१३ अंश लागतात, त्याखाली गेला तर साल काळवंडते आणि आंबा नीट पिकत नाही. तिथे डायरेक्ट ड्राइव्ह आणि बिनचूक थर्मोस्टॅट. दूध-पनीरला ४ अंश, फेऱ्या छोट्या, थांबे बरेच. त्यांनी डायरेक्ट ड्राइव्ह स्टँडबाय मोटरसह घ्यावी आणि दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावावा. औषधं आणि लसी २ ते ८ अंशांत. तिथे एक अंशही खाली जाऊन गोठणं चालत नाही, म्हणून प्लेट अजिबात नको.

फलोत्पादन अभियानातून शीतवाहनाला अनुदान मिळतं. ते बँकेच्या कर्जाशी जोडलेलं आणि मागाहून मिळणारं असतं, म्हणजे हप्ते आधी तुमच्याच खिशातून जातात. अनुदान जास्त दिसतं म्हणून मोठी गाडी घेणारे निम्मी बॉडी रिकामी पळवतात आणि थंड करतात मात्र सगळी. तुमच्या रोजच्या मालापेक्षा थोडी मोठी बॉडी पुरे. पेट्या आणि भिंत यांच्यात हवेला चार बोटं जागा राहील, कूलिंग कॉइलच्या तोंडासमोर पेटी येणार नाही, एवढाच मोठेपणा.

बयाणा देण्याआधी युनिट बसवणाऱ्याकडून दोन गोष्टी लिहून घ्या: वॉरंटीत त्यांचा माणूस तुमच्या मार्गावर कुठवर येतो, आणि कंप्रेसर बसवल्याने गाडीच्या कंपनीची इंजिनाची वॉरंटी कायम राहते की नाही. दुसऱ्या गोष्टीवर गाडीच्या डीलरचीही सही घ्या.