हॉस्पिसची बाग आणि ती राखणारे स्वयंसेवक : ३४ दिवसांचा अनुभव

आमचे हे हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेतात तिथं, ३४ दिवस होते. फुप्फुसाचा कॅन्सर, नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि उठून बसायचं म्हटलं तरी दोघांचा आधार. तिथल्या डॉक्टर-नर्सबद्दल मी वेगळं लिहीन. आज लिहायचं आहे ते बागेबद्दल आणि ती राखणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल. जागा बघायला गेलो तेव्हा बागेकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. खोली स्वच्छ आहे का, रात्री नर्स असते का, वेदनेवरचं मॉर्फिन वेळेवर मिळतं का, एवढंच विचारलं. तेच आधी विचारायला हवं, यात वाद नाही. पण ह्यांचे दिवस गेले ते बागेवर.

ह्यांना झाडांची आवड होती असं मुळीच नाही. उमेदीची सगळी वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली. घरात एकच कुंडी, तीही माझी. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगा खाटेशी येऊन "काका, जरा मदत कराल का?" म्हणाला, तेव्हा मला रागच आला. इथं माणसाला श्वास पुरत नाही आणि ह्याला मदत हवी! त्याच्या हातात बुटक्या काठाचा एक ट्रे होता, ओल्या मातीत मेथीची रोपं दाटीवाटीनं उगवलेली. "विरळणी करायची आहे. माझी बोटं जाडी, एक उपटायला गेलो की चार येतात."

ह्यांनी ट्रेकडे बघितलं आणि चिमटा मागितला. छापखान्यात चुकलेला खिळा ओळीतून काढायचा तो चिमट्यानंच, आजूबाजूचे न हलवता. तस्संच. देठाच्या अगदी बुडाशी धरायचं, सरळ वर उचलायचं, बाजूच्या रोपाला धक्का नाही. वीसेक मिनिटांत अर्ध्या ट्रेचं काम झालं, मग दमले आणि डोळे मिटून पडले. तो मुलगा "बस झालं काका" वगैरे काही म्हणाला नाही. "उरलेला उद्या," म्हणाला आणि ट्रे उचलून गेला. हा उद्या शब्द त्या इमारतीत मी पहिल्यांदा ऐकला.

नंतर कळलं, तो असा मनाला येईल त्या खाटेशी जात नव्हता. रोज सकाळी ह्या स्वयंसेवकांचं काम बघणाऱ्या ताई आधी नर्सकडे जातात. कुणी मातीला हात लावायचा, कुणी नाही, आज कुणाला अजिबात उठवायचं नाही, हे लिहून घेतात. मातीत बुरशीचे बीजाणू असतात, त्यातली अ‍ॅस्परजिलससारखी बुरशी पांढऱ्या पेशी घटलेल्या माणसाच्या फुप्फुसात शिरली तर जिवावर बेतू शकतं. अशा रुग्णांना नावाच्या पट्ट्या लिहायला देतात, सुतळीचे तुकडे कापायला देतात. बाकीच्यांनाही माती मिळते ती भिजवलेली, हातमोज्यांसकट. खताची पिशवी खोल्यांपासून लांब, तोंडाला मास्क लावून आणि तोंड बाजूला करून उघडायची. कुंडीमातीत लीजनेला नावाचे जिवाणू असू शकतात आणि कोरडी धूळ उडाली की ते श्वासातून आत जातात, म्हणून. फवारणी एकदम बंद. हे सगळं विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, पण विचारलं की नीट समजावून सांगतात.

बियांची निवड पाहून मात्र मी थक्क झाले. मेथी दोन-तीन दिवसांत डोकं वर काढते, मोहरी आणि मुळा तीन ते पाच दिवसांत. खाटेशी येणाऱ्या ट्रेमध्ये हेच. झेंडूला फूल यायला दीड-दोन महिने, म्हणून तो बाहेर वाफ्यात. "असं का?" असं मी ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, पेरणाऱ्याला दिसायला नको का?" ह्यांनी एकदा मुळा पेरला आणि कधी उगवेल म्हणून विचारलं. तो मुलगा म्हणाला, "गुरुवारी बघा काका." सोमवार होता. गुरुवारी पहाटेच ह्यांनी मला उठवलं.

बागेची आखणीही विचार करून केलेली आहे. काही वाफे कंबरेएवढे उंच आणि खालून मोकळे, म्हणजे व्हीलचेअरवरच्या माणसाचे गुडघे आत जातात आणि तिरकं न होता मातीपर्यंत हात पोचतो. मुख्य वाट दीड मीटर रुंद, खुर्ची जागच्या जागी वळते. एका दारातून तर अख्खी खाट बाहेर येते. दाराशीच सदाफुली आहे. ज्या खोलीत आम्ही होतो तिथल्याच दुसऱ्या बाईंना पूर्वी व्हिन्क्रिस्टीन हे कॅन्सरवरचं औषध दिलं होतं, ते औषध ह्याच झाडापासून काढतात हे त्यांना बागेत समजलं. तेव्हापासून येता-जाता खुर्ची थांबवून त्या पानांना हात लावायच्या. झाड पोटात गेलं तर विषारी आहे, म्हणून ज्यांचं भान हरपतं अशा रुग्णांसोबत तिथं कायम कुणीतरी असतं.

झाडं नुसती दिसली तरी फरक पडतो हे मीही वाचलं आहे. रॉजर उलरिच या संशोधकांनी १९८४ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या ४६ रुग्णांचा अभ्यास मांडला होता. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जबर वेदनाशामकं कमी लागली. पण आमचे हे घरी परतणार नव्हते. सिसिली सॉन्डर्स, ज्यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, त्या म्हणत की वेदना फक्त शरीराची नसते, मनाची असते, नात्यांची असते, श्रद्धेची असते. ह्यांची एक वेदना मला माहीत होती. आपण कुणाच्या कामाचे उरलो नाही. तिच्यावर मॉर्फिन चालत नाही. ट्रे चालला. म्हणून सांगते, हॉस्पिस बघायला जाल तेव्हा बाग सुंदर आहे का एवढ्यावर थांबू नका. ती खाटेपर्यंत येते का, ते विचारा.

आता खटकलेल्या गोष्टी. पाण्याचा पाइप वाटेत आडवा टाकून ठेवतात. दोनदा आमची खुर्ची त्यावर अडकली आणि धक्क्यानं ह्यांना खोकल्याची उबळ आली. दुसऱ्या वेळी मी आवाज चढवला, तेव्हा कुठे पाइप भिंतीच्या कडेनं न्यायला लागले. रातराणी खिडकीखाली लावली आहे, ही तर मोठी चूक. ज्याला आधीच मळमळतं त्याला तो वास रात्रभर सहन होत नाही. तक्रार केल्यावर दुसऱ्याच दिवशी कळ्यांसकट छाटली, पण मुळात ती तिथं असायलाच नको. रविवारी कुणी येत नाही, आणि रुग्णांना वार कळतात. सगळ्यात वाईट म्हणजे एका कंपनीतून एका दिवसासाठी आलेला घोळका. एकसारखे टी-शर्ट, तासभर खुरपणी, आणि न विचारता खाटांबरोबर फोटो. ह्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. ताईंनी फोटो तिथल्या तिथे पुसायला लावले, पण अशा लोकांना आत सोडण्यापूर्वी तासभर तरी बसवून समजावायला हवं.

नेहमीचे स्वयंसेवक मात्र असे नाहीत. ते कमी बोलतात. "लवकर बरे व्हा" म्हणताना मी एकालाही ऐकलं नाही. ज्या सकाळी खोलीचं दार लोटलेलं असेल त्या सकाळी ट्रे बाहेरच्या बाकावर ठेवून जातात, दार वाजवत नाहीत.

तिसाव्या दिवसापासून ह्यांच्या बोटांत चिमटा धरायची ताकद उरली नाही. मला वाटलं, आता ट्रे येणार नाही. मुलगा आला. स्टूल ओढून खाटेला टेकून बसला, ट्रे ह्यांच्या नजरेसमोर धरला, चिमटा स्वतः घेतला. दोन रोपं अगदी चिकटून उगवली होती.

"काका, ह्यातलं कुठलं ठेवू?"

ह्यांनी डोळे डावीकडे नेले. त्यानं उजवीकडचं बुडाशी धरलं आणि सरळ वर उचललं.