सहासष्टाव्या वर्षी घेतलेली मेडिक्लेम : वीस महिन्यांनंतरचा हिशोब

जून २०२४ मध्ये मी आणि आमची ही, दोघांत मिळून पाच लाखांची मेडिक्लेम घेतली. तेव्हा मी ६६ चा होतो, ही ६२ ची. आज फेब्रुवारी २०२६. दोन हप्ते भरून झालेत, एक क्लेम झालाय आणि एक मोठा खर्च पॉलिसी असतानाही खिशातून केलाय. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळींत "या वयात घ्यावी का हो?" हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी निघतो. मी दर वेळी अर्धंमुर्धं उत्तर देतो, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. कंपनीची ग्रुप पॉलिसी होती, म्हणून स्वतःची घ्यावी असं कधी वाटलंच नाही. २०१८ मध्ये निवृत्त झालो, त्या दिवशी नारळ-शाल मिळाली आणि पॉलिसी संपली. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे मी विचारायला हवं होतं. तसं जमलं तर आधीची वर्षं वेटिंग पिरियडमध्ये, म्हणजे ठरावीक आजारांचा खर्च मिळायला जेवढा काळ थांबावं लागतं त्यात, धरली जातात. मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढची सहा वर्षं, त्यात कोरोनाही आला, आम्ही देवाच्या भरवशावर काढली. मग मेव्हण्याची बायपास झाली, त्याला एफडी मोडावी लागली, तेव्हा कुठे मला जाग आली.

एप्रिल २०२४ पासून नियमातली ६५ वर्षांची अट गेली होती, त्यामुळे वयावरून कोणी दार लावलं नाही. दारातून आत गेल्यावर मात्र किंमत कळली. दोघांचा मूळ हप्ता ४४,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५१,९२० रुपये. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये २० टक्के आपले, त्याला को-पे म्हणतात. खोलीभाडं जास्तीत जास्त विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. मला बीपी आहे आणि हिला अकरा वर्षांपासून शुगर. त्या आजारांना ३६ महिने थांबायचं. मोतीबिंदू, हर्निया, गुडघे, प्रोस्टेट यांना २४ महिने. यादी ऐकून ही म्हणाली, "म्हणजे म्हातारपणी जे होतं ते सोडून बाकी सगळं."

फॉर्म भरताना एजंट म्हणाला, "काका, बीपीचं नका लिहू, उगाच तपासण्या लागतील." मी लिहिलं. तपासण्याही झाल्या. त्या दिवशी मला स्वतःचाच राग आला होता, कारण त्याने हप्ता वाढला. तो राग कसा उतरला ते पुढे येईल.

पॉलिसी हातात आली की ३० दिवसांत नको असेल तर परत करता येते. ते तीस दिवस मी सत्कारणी लावले. रोज दुपारी चार पानं, पेन्सिल घेऊन. चाळीसेक वर्षं स्टोअरची बिलं तपासलेला माणूस मी, तरी 'असोसिएट मेडिकल एक्सपेन्सेस' हा शब्द तेव्हा डोळ्यांखालून नुसताच गेला. पुढे तोच अंगाशी आला.

जानेवारी २०२५ मध्ये हिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढावा लागला. वेटिंग २४ महिन्यांचं, आमचे सात झालेले. ३८,००० रुपये खिशातून गेले. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

जूनमध्ये दुसरा हप्ता आला. मूळ रक्कम बरोबर दहा टक्क्यांनी वाढून ४८,४००, जीएसटीसह ५७,११२. दहाच का, तर जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने सांगितलं होतं की ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी सल्लामसलत करा. कंपनीने मर्यादा पाळली, पण शेवटच्या पैशापर्यंत वापरली.

ऑगस्टमध्ये मला न्यूमोनिया झाला. मिरजेच्या एका खासगी दवाखान्यात सहा दिवस होतो. ५,००० च्या खोल्या भरलेल्या होत्या. मुलगा म्हणाला, "बाबा, ७,००० ची घेऊ, वरचे दोन हजार मी देतो." सहा दिवसांचे बारा हजार, असा त्याचा सरळ हिशोब होता. सरळ हिशोब इथे चालत नाही.

एकूण बिल झालं १,३८,४००. त्यात खोली ४२,०००, डॉक्टरांच्या व्हिजिट, नर्सिंग वगैरे ३१,५००, औषधं ३८,६००, तपासण्या २२,१००, आणि हातमोजे, मास्क असल्या किरकोळ वस्तू ४,२००. आपण पात्रतेपेक्षा महाग खोली घेतली की कंपनी नुसता खोलीचा फरक कापत नाही. व्हिजिट आणि नर्सिंगही (हेच ते 'असोसिएट मेडिकल एक्सपेन्सेस') त्याच प्रमाणात कापते, कारण वरच्या खोलीत त्यांचेही दर वरचे असतात, असं धरलं जातं. आमचं प्रमाण सातात पाच. म्हणून खोली आणि व्हिजिट मिळून ७३,५०० चे ५२,५०० धरले, २१,००० गेले. औषधं आणि तपासण्या या कात्रीतून सुटतात, हे त्यातल्या त्यात बरं. किरकोळ वस्तूंचे ४,२०० पूर्ण आमचे. उरलेल्या १,१३,२०० वर २० टक्के को-पे, म्हणजे २२,६४०. कंपनीने दिले ९०,५६०, आम्ही भरले ४७,८४०. मुलाचे बारा हजार कुठल्या कुठे राहिले.

ही गोष्ट इतकी उलगडून सांगतोय, कारण माझ्या ओळखीत पॉलिसी विकत घेताना सगळे हप्ता आणि विमा रक्कम बघतात. खोलीभाड्याची ओळ कोणी बघत नाही. खोलीवर मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडते, पण आज घ्यायची झाली तर मी तीच घेईन, किंवा मर्यादेतली खोली मिळेपर्यंत जनरल वॉर्डमध्ये पडून राहीन.

आता तो बीपीचा राग. ॲडमिट झाल्यावर काही तासांतच टीपीएकडून, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेकडून, प्रश्न आला : पेशंटला रक्तदाब आहे असं केसपेपरवर दिसतं, तो कधीपासून, जुने कागद पाठवा. मुलाने फॉर्मची प्रत दाखवली, त्यात तारखेसकट लिहिलेलं होतं. वीस मिनिटांत विषय मिटला. लपवलं असतं तर न्यूमोनियाचा क्लेमही अडकला असता आणि पॉलिसीही गेली असती. पाच वर्षं सलग हप्ते भरल्यावर कंपनीला 'तुम्ही माहिती लपवली' म्हणून क्लेम नाकारता येत नाही, उघड फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. पण आमचं तर तेव्हा दुसरंच वर्ष चालू होतं.

डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी दहा वाजता "जा घरी" म्हटलं आणि आम्ही निघालो संध्याकाळी पाचला. मी कंपनीच्या नावाने बोटं मोडत बसलो होतो. तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची असा २०२४ चा नियम मला पाठ होता. मग मुलाने वेळा तपासल्या. दवाखान्याने कागद पाठवलेच दोन वाजता, मंजुरी चारच्या सुमारास आली. ते तीन तासांचं घड्याळ कागद पोचल्यावर चालू होतं. त्यामुळे राऊंड झाला की कोणीतरी बिलिंगच्या खिडकीशी जाऊन उभं राहावं. आमच्यातला कोणी गेला नाही, सगळे सलाइन काढायची वाट बघत माझ्याभोवती बसले होते.

मग सरकारी योजना असताना हे कशाला, असं विचारणारे आहेतच. खरं आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. आमच्या शेजाऱ्यांची अँजिओप्लास्टी त्यातून झाली, एक रुपया लागला नाही. ७० पूर्ण झाली की ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डही निघतं. उत्पन्नाची अट नाही आणि खासगी पॉलिसी असली तरी चालतं. मी २०२८ मध्ये ते काढणार आहे. पण योजनेत उपचारांची यादी ठरलेली, दवाखाने ठरलेले. मी होतो तो दवाखाना योजनेत नव्हता, आणि रात्री दीड वाजता धाप लागल्यावर मुलाने यादी उघडली नाही, जवळचं दार गाठलं.

आता रोकडा हिशोब. दोन हप्ते मिळून १,०९,०३२ भरले, ९०,५६० परत आले. १८,४७२ चा खड्डा, डोळ्याचे ३८,००० वेगळे. आयकरात कलम ८०डी खाली ज्येष्ठांना ५०,००० पर्यंत वजावट असते, पण ती जुन्या करपद्धतीत. मी नव्या पद्धतीत आहे, मला तिचा उपयोग नाही. एवढ्यावरून फिरायला येणारे आमचे एक माजी बँकवाले म्हणतात, हप्त्याचे पैसे आरडीत टाक. न्यूमोनियासाठी त्यांचं बरोबर आहे. दीड लाख माझी पुंजी सोसू शकली असती. मेव्हण्याच्या बायपाससारखं काही झालं तर दोन वर्षांची आरडी आयसीयूच्या दोन-चार दिवसांत संपेल. मी हप्ता भरतो तो त्या बिलासाठी.

म्हणूनच ज्यांच्याकडे तीन-चार लाख हाताशी आहेत आणि घर मुलांवर अवलंबून नाही, त्यांना मी वेगळं सुचवतो. छोटी बिलं स्वतः भरायची तयारी ठेवा आणि सुपर टॉप-अप बघा. एका ठरावीक रकमेच्या वरचं बिल ती उचलते. मला सांगितलेला हप्ता मूळ पॉलिसीच्या निम्म्याहून कमी होता. जुन्या आजारांचं वेटिंग तिलाही असतं, ते मात्र चुकत नाही. आणि जे अजून नोकरीत आहेत, पन्नाशीत आहेत, त्यांनी कंपनीची पॉलिसी असली तरी स्वतःची एक आत्ताच घ्यावी. वेटिंग पिरियड तब्येत चांगली असताना संपवायचा असतो, हे मला कोणी तेव्हा सांगायला हवं होतं.

येत्या जूनला तिसरा हप्ता. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, त्यामुळे पुन्हा दहा टक्के वाढवले तरी ५३,२४० होतील, गेल्या वर्षीपेक्षा कमीच. भरणार आहे.

हिच्या डाव्या डोळ्यासाठी डॉक्टरांनी एप्रिलची तारीख दिली होती. घाई नाही ना, एवढं त्यांना विचारून घेतलं आणि हिने जुलैची मागून घेतली.