मुलांचं शिवणकामाचं किट: डबा रिकामा झाल्यानंतरचा अनुभव

या किटमधली घुबडं, मासे, पाउच सगळं शिवून संपलं त्याला बराच काळ लोटला. तरी डबा अजून दर दोन-चार दिवसांनी टेबलावर येतो, म्हणून लिहायला बसले. विकत घेताना मी जे अभिप्राय वाचले ते बहुतेक डबा उघडल्या दिवशीचेच होते. "रंग छान आहेत, मुलं खूश" याच्या पलीकडे त्यांत काही नव्हतं. माझ्या मते अशा किटचा खरा कस लागतो तो त्यातलं शेवटचं खेळणं पूर्ण झाल्यावर. त्यानंतर मूल सुई-दोरा मागतं का, आणि मागितलंच तर द्यायला डब्यात काही उरलंय का, एवढंच बघायचं.

आमच्याकडे दोघं आहेत. थोरली सात वर्षांची, धाकट्याला चार पूर्ण झाली आहेत. डब्यात आधीच कापलेले आणि काठाने भोकं पाडलेले फेल्टचे तुकडे, प्लॅस्टिकच्या सुया, रंगीत दोऱ्याच्या लड्या, बटणं, चिकटवायचे हलणारे डोळे, भरायला पॉलिस्टरचा कापूस, एक छोटी कात्री आणि चित्रांची पुस्तिका.

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ती भोकं. साध्या कापडावर मूल टाका कुठे घालायचा या विचारातच दमून जातं, एक टाका काठावर तर दुसरा मध्येच कुठेतरी. इथे जागा ठरलेली असते, त्यामुळे सगळं लक्ष हाताकडे राहतं. फेल्टची निवडही बरोबर आहे. ते विणलेलं नसतं, तंतू एकमेकांत गुंतवून दाबून बनवलेलं असतं. त्यामुळे कापल्यावर धागे सुटत नाहीत आणि काठ दुमडून हेम घालायची भानगड राहत नाही. पण या किटमधलं फेल्ट फार पातळ आहे आणि भोकं काठाच्या अगदी जवळ पाडली आहेत. मुलं टाका घातला की दोरा दोन्ही हातांनी खेचतात. दोन-तीनदा असं झालं की भोक काठापर्यंत फाटतं. माशाची एक शेपटी आम्ही मागून फेल्टची पट्टी लावून वाचवली. भोक आणि काठ यांत निदान अर्धा सेंटीमीटर अंतर आणि फेल्ट दीड-दोन मिलिमीटर जाड, एवढं असतं तर ही वेळ आली नसती.

आता सुई आणि दोरा. रोजची कटकट इथेच होती, आणि पुस्तिकेत त्याबद्दल एक ओळसुद्धा नाही.

दोरा भरतकामाचा सहा पदरी दिला आहे. दिसतो सुरेख, पण मुलांच्या हातात त्याचे पदर सुटतात. ओवताना एक पदर नेढ्याबाहेर राहतो, पुढे तोच अडकून गोळा होतो. प्लॅस्टिकची सुई नेढ्यापाशी इतकी जाड आहे की दर टाक्याला तिथे अडते, मूल जोर लावतं, सुई वाकते आणि भोक मोठं होतं. वर दर तिसऱ्या टाक्याला दोरा नेढ्यातून निसटतो आणि "आई, ओवून दे" सुरू. पहिले काही आठवडे शिवलं मुलीने आणि ओवलं मी.

मग दोन बदल केले. दोऱ्याऐवजी स्वेटरची लोकर घेतली आणि प्लॅस्टिकच्या सुईऐवजी स्टीलची टॅपेस्ट्री सुई, १८ नंबरची. हिचं टोक बोथट असतं आणि नेढं लांबट, मोठं. या सुयांमध्ये नंबर वाढत गेला की सुई बारीक होत जाते, त्यामुळे २४ नंबरची मागवलीत तर लोकर आत जाणारच नाही. लोकर दुहेरी घेऊन दोन्ही टोकांची मिळून एकच गाठ मारायची, म्हणजे सुईतून ती निसटूच शकत नाही. लांबी मुलाच्या हाताएवढी, त्याहून जास्त नको. लांब दोरा घेतला की वारंवार ओवायचा त्रास वाचेल असं वाटतं, पण गुंता सोडवण्यात त्याच्या दुप्पट वेळ जातो.

पुस्तिकेशी माझं दुसरं भांडण टाक्यांच्या क्रमावरून आहे. ती धावदोऱ्याने सुरुवात करते. मोठ्यांना तो सगळ्यात सोपा, पण मुलाला नाही. सुई वरून खाली गेली की पुढचा टाका खालून वर यायला हवा, हे त्याच्या लक्षात राहत नाही. ते काठाला वळसा घालून पुन्हा वरूनच सुई घालतं, आणि सरळ रेघेच्या जागी तिरके फाटे तयार होतात. मग आपण म्हणतो, "चुकलं, उसव." त्यापेक्षा मुलाचा हात जिकडे आपोआप जातो तोच टाका आधी शिकवावा. काठावरून गुंडाळत जायचं, सुई प्रत्येक वेळी एकाच बाजूने आत. थोरलीने अख्खा मासा असा शिवला, एकदाही न उसवता. धावदोरा नंतर आला, तोही भरतकामाच्या गोल रिंगमध्ये ताणलेल्या कापडावर. रिंग टेबलावर आडवी न ठेवता उभी धरली की सुई पलीकडे गेलेली दिसते आणि तिकडूनच परत यायचं हे सांगावं लागत नाही. त्यासाठी मॅटीचं कापड उत्तम, त्याची वीण जाळीसारखी असल्याने बोथट सुईही सहज जाते. उलटी टीप, म्हणजे दर टाक्याला थोडं मागे येऊन पुढे जायचं, ती आत्ता कुठे जमायला लागली आहे. काठावर दोऱ्याचा फास अडकवत जाणारा ब्लँकेट टाका पुस्तिकेत तिसऱ्याच पानावर आहे, तो कोणाच्या भरवशावर दिला आहे देव जाणे.

डब्यावरचं "४ ते १०" हे वय मला पटलं नाही. चार वर्षांच्या मुलासाठी यात सुईने करण्यासारखं काही नाही. धाकट्याला मी पुठ्ठ्याच्या जाड तुकड्याला कागदाच्या पंचने भोकं पाडून दिली आणि बुटाची नाडी दिली. नाडीच्या कडक टोकामुळे सुईची गरज पडत नाही. तो ओवतो, सगळं उपसून काढतो, पुन्हा ओवतो. दहा मिनिटं टिकतो, कधी तेवढीही नाही. कापूस भरायचं काम मात्र त्याचंच. गोळा तसाच कोंबला तर खेळण्याला गाठी येतात, म्हणून आधी बोटांनी पिंजायचा. ते त्याला फार आवडतं.

कात्रीबद्दल डावखुऱ्या मुलांच्या पालकांसाठी. थोरली डावखुरी आहे आणि किटमधली कात्री उजव्या हाताची. डाव्या हाताने धरली की बोटांच्या दाबाने तिची पाती एकमेकांपासून दूर जातात. फेल्ट कापलं न जाता मध्येच दुमडतं, शिवाय आखलेली रेघ वरच्या पात्याआड लपते. डाव्या हाताची, गोल टोकाची कात्री वेगळी आणली आणि "मला कापता येत नाही" हे वाक्य घरातून गेलं.

हलणारे डोळे चिकटवायचे आहेत आणि ते टिकत नाहीत. एकदा धुतल्यावर घुबड आंधळं झालं, आणि फेल्टवर बारीक गोळे आले ते वेगळंच. पण धुण्यापेक्षा मला काळजी होती ती तोंडात जाण्याची. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी करताना ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात, तिच्यात न दाबता पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते असं धरलं जातं. हे डोळे आणि बटणं सगळीच तिच्यात मावतील. घरात रांगतं बाळ असेल तर हे किट कुलपातच बरं. आम्ही डोळ्यांच्या जागी काळ्या दोऱ्याचे गाठीचे टाके घातले, आणि काम संपलं की सुया मोजून डबीत टाकायच्या हा नियम केला.

किट संपल्यावर जे सुरू झालं त्याची मला अपेक्षा नव्हती. भोकं पाडलेले काही तुकडे शिवण्याआधी मी पुठ्ठ्यावर उतरवून ठेवले होते. तोच साचा नव्या फेल्टवर ठेवून थोरली पेनाने ठिपके काढते आणि ठिपक्यांवरून शिवते. जुन्या टी-शर्टचं कापडही चालतं. त्याचा काठ गुंडाळतो पण धागे सुटत नाहीत. जीन्सच्या वाटेला जाऊ नका, बोथट सुई त्यात शिरत नाही. एकट्या पडलेल्या मोज्यांची बाहुली झाली. मग स्वतःच्या फ्रॉकचं तुटलेलं बटण तिने स्वतः लावलं, बटणाखाली आगपेटीची काडी धरून, म्हणजे टाका फार आवळला जात नाही आणि बटण काजात नीट बसतं. मला घुबडापेक्षा त्या बटणाचं कौतुक जास्त.

याच किटचे पुढचे सेटही मिळतात, घोड्याचा आणि परीचा. ते घेणार नाही. तेच पातळ फेल्ट, तीच सुई, आणि कापायचं काम पुन्हा कंपनीने केलेलं. सुटं जाड फेल्ट, लोकर आणि दोन चांगल्या सुया एवढ्यात भागतं. पहिलं किट मात्र सहा-सात वर्षांच्या मुलासाठी घ्यावं असंच सांगेन, सुई पहिल्या दिवसापासून बदलून. साचे मी पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून ठेवलेत, धाकटा दोन वर्षांनी वापरेल. प्लॅस्टिकच्या सुया त्याला आत्ताच दिल्या आहेत, मातीत भोकं पाडायला.