शेतावर येऊन हायड्रॉलिक ऑइल बदलून देणारे गॅरेज : छोट्या ट्रॅक्टरवाल्यांसाठी

द्राक्षबागेच्या ओळींतून फिरणारा छोटा ट्रॅक्टर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फवारणीच्या ब्लोअरमागे सतत राबतो, त्यामुळे त्याचे हायड्रॉलिक ऑइल आणि फिल्टर पावसाळा सरताच बदलून घेतलेले बरे. पिंपळगाव बसवंत परिसरातील एका गॅरेजचे मिस्त्री हे काम शेतावर येऊन करतात. आमच्या २४ एचपीच्या फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचे काम त्यांनी इतके मन लावून केले, की त्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

त्यांनी सर्वप्रथम ट्रॅक्टरचे मॅन्युअल मागितले. आमच्या ट्रॅक्टरमध्ये गिअर, लिफ्ट (अवजारे उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा) आणि ऑइल ब्रेक (तेलात बुडालेले ब्रेक) या तिघांना एकच तेल लागते, आणि ते यूटीटीओ (युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल) प्रकारचेच असावे लागते. स्वस्त पडते म्हणून इंजिन ऑइल ओतले, तर ब्रेक दाबताना थरथर आणि घरघर सुरू होते व ब्रेकच्या चकत्या लवकर खराब होतात. मिस्त्रींनी डब्यावरचा दर्जा मॅन्युअलशी ताडून पाहिला आणि डब्याचे सील माझ्यासमोर तोडले.

ट्रॅक्टर थोडा चालवून, तेल कोमट झाल्यावर सपाट जागी उभा केला आणि लिफ्ट खाली सोडली. खालचे सगळे ड्रेन प्लग त्यांनी उघडले, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण एकच प्लग उघडून काम उरकले की बरेच जुने तेल आतच राहते आणि नव्यात मिसळते. निघालेले तेल पांढऱ्या बाटलीत घेऊन त्यांनी उन्हात धरले. ते दुधाळ दिसले असते, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे लागले असते. आमचे काळपट, पण स्वच्छ होते. तेलातले धातूचे कण धरून ठेवणाऱ्या चुंबकावर करड्या रंगाचा बारीक लेप होता, तो बोटावर चोळून दाखवत त्यांनी सांगितले, की ही नेहमीची झीज आहे, धातूच्या कपच्या आढळल्या तरच गिअरबॉक्स उघडायचा. गिऱ्हाइकाला इतके दाखवणारा मिस्त्री मला मोलाचा वाटतो.

नव्या फिल्टरच्या रबरी रिंगेला तेल लावून तो त्यांनी हातानेच आवळला, पाना लावला नाही. आमचा फिल्टर पंपाच्या शोषणाच्या बाजूला असल्याने तो सैल बसला तर तेल गळण्याऐवजी हवा आत ओढली जाते, तेलाला फेस येतो आणि लिफ्ट झटके देत उचलते. म्हणून इंजिन मंद गतीवर ठेवून त्यांनी लिफ्ट अनेकदा वरखाली केली, मग इंजिन बंद करून पट्टीवर पातळी पाहिली आणि फिल्टरने शोषलेले तेल पुन्हा भरले.

दोन गोष्टी मात्र सुधारायला हव्यात. बिलावर नुसते ‘ऑइल, फिल्टर’ असे लिहितात. तेलाचा दर्जा आणि ट्रॅक्टर चालल्याचे मीटरवरचे तास मी आग्रहाने लिहून घेतले, कारण पुढची बदली त्या तासांवरून ठरते. दुसरे म्हणजे, जुने तेल ते नेत नाहीत. ते नाल्यात किंवा बांधावर ओतणे हा विहिरींच्या पाण्याशी खेळ आहे, तेव्हा काम करून घेण्यापूर्वी झाकणाचे रिकामे कॅन तयार ठेवावेत आणि जुने तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे. सप्टेंबरअखेरीस त्यांच्याकडे गर्दी वाढते, म्हणून वेळ आधीच सांगून ठेवावी.